पाठकोरी पत्रकं

परवा सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला. हंगामाचा पहिला भोंगा नेहमी घसा बसलेल्या माणसासारखा वाजतो, मग दोन-चार दिवसांत त्याला सूर सापडतो. तो ऐकला आणि मी हातातलं टाकून परसात धावलो, दोरीवरच्या पट्ट्या आत घ्यायला. दोरीवर माझा एक सदरा होता. सहा हंगाम झाले, आमच्या दोरीवर पट्ट्या नाहीत. तरी पाय धावतात.

कारखान्याजवळ राहणाऱ्यांना या धावण्याचं कारण सांगावं लागणार नाही. गाळप सुरू झालं की चिमणीतून उसाच्या चोथ्याची काळी राख उडते. हलकी असते, तुटलेल्या केसासारखी. पांढऱ्या कपड्यावर बसते आणि झटकायला जावं तर रेघ ओढून जाते. इतरांची धुणी खराब व्हायची. आम्हाला ती राख आईच्या पोटात जाण्याची भीती होती.

आईला आतड्याचं दुखणं होतं, मी चौथीत होतो तेव्हापासून. आधी सगळ्यांनी क्षय म्हटलं. तिने क्षयाच्या गोळ्या दीड वर्ष खाल्ल्या आणि दुखणं तिथंच राहिलं. मग पुण्याला आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा कळलं की हे वेगळंच आहे. शरीर आपल्याच आतड्याशी भांडतं. ते भांडण मिटत नाही, गप होतं आणि पुन्हा उठतं. त्या आजाराचं इंग्रजी नाव घरात कुणाला धड म्हणता यायचं नाही. आई त्याला नुसतं 'ती' म्हणायची. "आज ती उठलीया." "कालधरनं ती गप हाय." एखाद्या भांडखोर शेजारणीबद्दल बोलावं तसं.

ती उठली की आईला दिवसातून दहा-बारा वेळा टमरेल घेऊन जावं लागायचं. आमच्या वस्तीत संडास नव्हता. बायकांचा आडोसा म्हणजे ओढ्यापलीकडचा उभा ऊस. म्हणून हंगाम आला की सगळा तालुका ज्या गोष्टीने हरखायचा, तिचीच आईला धास्ती असायची. कुठल्या फडाला तोड लागली, टोळी कुठवर आली, याची खबर ती बागायतदारापेक्षा बारकाईने ठेवायची. "ओढ्याकडचा फड कधी पडणार रं?" असं विचारायची. एका सकाळी उठून बघावं तर हिरवी भिंत गायब आणि रस्त्यापासून ओढ्यापर्यंत सगळं उघडं रान. मग ती अर्धा मैल चालायची, पोट दाबून, वाटेत थांबत. साखरेचं पोतं बघितलं की मला ती चाल आठवते. साखरेच्या जिल्ह्यात एका बाईला बसायला आडोसा नव्हता, ही गोष्ट मी पुढे पाच-सहा पत्रकांत लिहिली. आई जिवंत असताना एकातही लिहिली नाही. तेव्हा मला मोठ्या गोष्टी लिहायच्या होत्या.

पत्रकांवरच मी वाढलो. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, इंदापुरात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि उत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या, आणि मालकाच्या परवानगीने उरलेल्या कागदावर पत्रकं. गायरानाची, पाणवठ्याची, शाळेतल्या वेगळ्या पंगतीची, अंगाऱ्या-धुपाऱ्याची. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्यांच्यावर. दादांचं पत्रक नेहमी एकाच बाजूला छापलेलं असायचं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पाठ कोरी असली की माणूस कागद फेकत न्हाय. पोरगं गणितं करतं, बाई सामान लिवती. आपलं म्हणणं त्याच्या घरात ऱ्हातं." आमच्या घरात तर दुसरा कागदच नव्हता. माझ्या शाळेच्या वह्या पाठकोऱ्या पत्रकांच्या, दुधाचा हिशेब पत्रकावर, पाहुण्यांचे पत्ते पत्रकावर. कुठलाही कागद हातात आला की आम्ही आधी तो उलटा करायचो. मागे कोरा असला तर ठेवायचा. छापलेला असला तर आपल्या उपयोगाचा नाही.

ही सवय नीट सांगून ठेवतो. पुढे लागणार आहे.

सहा हंगामांमागच्या जानेवारीत आईचं आतडं अडकलं. बारामतीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, आतड्याचा हातभर तुकडा काढला. आठव्या दिवशी खोकल्याची उबळ आली आणि पोटावरचे टाके वरपासून खालपर्यंत उसवले. डॉक्टरांनी बघितलं आणि पुन्हा टाके घालायचे नाहीत म्हणाले. जखम उघडीच ठेवायची, रोज आत पट्टी भरायची, तळापासून मांस भरत येईल.

"किती दिवसांत?" दादांनी विचारलं.

"दिवस मोजू नका," डॉक्टर म्हणाले.

घरी न्यायच्या आधी तिथल्या ड्रेसरने मला शिकवलं. सोपानराव त्यांचं नाव. तीस वर्षं जखमा बांधत आलेले, हाताला कायम औषधाचा पिवळा डाग. पहिल्या दिवशी त्यांनी आईच्या पोटावरची पट्टी सोडली आणि मी मान वळवली. माझं वय एकोणीस. बारामतीच्या कॉलेजात मी नुकतंच स्त्री-पुरुष समतेवर भाषण करून आलो होतो. आई अंगातल्या तापातही हसली.

"भाषणात बायांची बाजू घेतुयास, आन् आईच्या पोटाकडं बघाया लाजतुयास व्हय?"

"लाजू दे की," सोपानराव म्हणाले. "लाजणारा हात हळू चालतो. निर्लज्ज हातानं लई जखमा बिघडवल्यात."

मग मी बघितलं. बेंबीच्या वरपासून खाली माझ्या वितीएवढी फट, आणि आत तर्जनी दोन पेरं बुडेल इतकी खोल. कडा करड्या, तळ पिवळट. माणसाचं पोट आतून असं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याआधी मी कशाचाच तळ पाहिलेला नव्हता.

पट्ट्यांना मऊ जुना सुती कपडा चांगला, असं सोपानराव म्हणाले. वस्तीत ही गोष्ट पसरली आणि बायका आपापली जुनी पांढरी लुगडी घेऊन आल्या. आमच्याकडे विहारात वंदनेला पांढरं नेसून जातात. वर्षानुवर्षं धुवून मलमलीसारखी झालेली ती लुगडी शेवंताकाकूने, म्हणजे आमच्या शेजारणीने, टराटरा फाडली आणि पट्ट्यांच्या घड्या घातल्या. त्या उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, मग डब्यात घालून कुकरमध्ये पुन्हा वाफवायच्या. राख पडली की सगळं पहिल्यापासून. आईच्या ट्रंकेत तिचं स्वतःचं एक कोरं पांढरं पातळ होतं. ते काकूने उचललं तर आई गरजली, "त्येला हात लावू नगंस. त्ये वैशाखी पुनवेला नेसायचं हाय."

वैशाखी पौर्णिमेला विहारात आत बसायचं, एवढंच तिने मागितलं होतं. कारण त्या हंगामात तिने आत जाणं बंद केलं होतं. जखमेला वास यायचा. कितीही धुवा, दुपारनंतर पट्टीतून यायचाच. पहिल्या पौर्णिमेला ती आधाराने विहारापर्यंत गेली, दाराशी थांबली आणि बाहेरच्या पायरीवर बसली. काकू म्हणाली, "आत चल की वयनी." आई म्हणाली, "हितं वारा हाय, बरं वाटतंय." मी आतून पाहत होतो. आमच्या पणज्याला ज्या गावाने देवळाच्या बाहेर उभं केलं, त्या गावाला आम्ही पत्रकांतून जाब विचारत होतो. आणि इथे माझी आई, कुणीही न सांगता, आपल्याच विहाराच्या बाहेर बसली होती. याचा जाब कोणाला विचारायचा? माझ्याकडे तसं पत्रक नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपल्या शब्दांचा या जगाशी काही संबंध नाही.

दादा जखमेकडे कधी बघू शकले नाहीत. पट्टीची वेळ झाली की त्यांना बाहेर काहीतरी काम निघायचं. जमिनीच्या मोजणीवेळी पोलिसांसमोर छाती काढून उभा राहणारा माणूस, पट्टी सुटली की परसातल्या बाभळीला हात लावून उभा असायचा. मला राग यायचा. आता येत नाही.

रोज सकाळी हात कोपरापर्यंत धुवायचे. जुनी पट्टी भिजवून सोडवायची, मिठाच्या उकळलेल्या पाण्याने धुवायचं, नवी ओली पट्टी हळूहळू आत घालायची, एकही कोपरा रिकामा न ठेवता. सुरुवातीला मी घासून पुसायचो. स्वच्छता हा आमच्या घरात धर्मच होता. दर आठवड्याला दवाखान्यात दाखवायला जायचो, तेव्हा सोपानरावांनी बघितलं आणि माझ्या हातावर चापट मारली. "हे लाल दाणं दिसत्यात न्हवं, ती घाण न्हाय. त्ये नवं मांस हाय, लेका. तू रोज उगवतंय त्ये रोज खुरपतुयास." त्यानंतर मी हात हलका केला. आत किती पट्टी मावली ते एका पत्रकाच्या पाठीवर लिहू लागलो. तीन विती. तीन विती. पावणेतीन. परत तीन. महिनाभर तो आकडा हलला नाही. मी तो कागद भिंतीला टोचला होता. शेवटी शेवटी त्याच्याकडे बघायलाही नको वाटायचं, कारण त्यात काही लपत नव्हतं.

खाणं तिला लागत नव्हतं. मऊ भात, मुगाचं पाणी, पिकलेलं केळं. भाकरी बंद, तिखट बंद. रस्त्यावरून उसाच्या गाड्या जायच्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, मळीचा आंबूस गोड वास घरात भरून राहायचा, आणि आईला त्या वासाने उमळून यायचं. मार्चमध्ये ऊन तापलं. आजार गप ठेवायच्या गोळ्या आई वर्षानुवर्षं घ्यायची, आम्ही त्या सुट्याच आणायचो; डॉक्टर म्हणाले, त्या चालूच राहतील, या वेळी अख्खा डबाच घेऊन जा.

त्या डब्यात घडी घातलेला एक पातळ कागद निघाला.

दुपारची वेळ होती. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तो कागद उलगडला. इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. मी शब्दकोश घेतला आणि मनातल्या मनात वाचू लागलो.

"मोठ्यानं वाच की," आई म्हणाली. "आपल्यात काय मनात वाचत्यात व्हय?"

खरंच नव्हतो वाचत. पत्रक मोठ्याने वाचायचं, ज्याच्याबद्दल आहे त्याला ऐकवायचं, हाच आमचा रिवाज. मी एकेक शब्द लावून मराठीत सांगत गेलो. चेहरा सुजतो. झोप उडते. हाडं ठिसूळ होतात. आणि मग एक ओळ आली: जखमा भरून यायला उशीर लागतो.

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी हीच गोळी भरू देत न्हाय व्हय?"

"तसं आहे. पण आजाराला ती लागते ना."

"ती तर गप हाय की आता," आई म्हणाली. ती म्हणजे तिचं दुखणं.

मला आनंद झाला. आईला समजलं, याचा. डॉक्टर लोक हे सांगत नाहीत, औषध घेणाऱ्याला हे कळण्याचा हक्क आहे, असं मी पाच मिनिटं बोललो. ती माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मग त्या दिवसाची पट्टी लिहायची राहिली होती म्हणून मी तो कागद उलटा केला, मागे जागा आहे का बघायला. मागेही कडेपर्यंत छापलेलं होतं. उपयोगाचा नाही. मी त्याची घडी घातली आणि डब्यात ठेवून दिला.

पुढच्या तीन आठवड्यांसारखे दिवस आमच्या घरात फार वर्षांत आले नव्हते. अडीच विती. दोन. एक वीत, चार बोटं. चार बोटं. तळाचा पिवळेपणा गेला, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस वर येऊ लागलं. सोपानराव चकित झाले. "काय खाया घालतुयास आईला?" आई नुसती हसली. ती थकत चालली होती, हे मला दिसत होतं. उठताना भोवळ यायची, आवाज खोल गेला होता, दोन घासांवर ताट सारायची. पोटात कळ येते का विचारलं तर म्हणायची, "न्हाय रं, उन्हाचा तरास हाय." आम्ही उन्हाला बोल लावला. भिंतीवरचा आकडा खाली येत होता आणि मी तेवढाच वाचत होतो.

वैशाखी पौर्णिमेला नऊ दिवस उरले असताना ती सकाळी चुलीपुढे कोसळली. जीपमध्ये घालून बारामतीला निघालो. हंगामाचे शेवटचे दिवस, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, आणि आमच्या पुढे एक असा की ज्याला बाजू देता येत नव्हती. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हात थंड आणि ओले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या रोज चालू आहेत ना?"

"रोज घेती," दादा म्हणाले. त्यांना तेच ठाऊक होतं. मलाही.

दिवस मावळायच्या आत ती गेली.

घरी आणल्यावर बायकांनी तिला अंघोळ घातली. शेवंताकाकू बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली, हात ओलेच होते. "मिलिंदा, जखम भरलीया रं. पोटावर निस्ती रेघ ऱ्हायलीया." मग म्हणाली, "तिचं त्ये पांढरं पातळ दे काढून."

मी आत जाऊन ट्रंक उघडली. कोऱ्या पातळाची घडी उचलली आणि तिच्यातून गोळ्या घरंगळल्या. पांढऱ्या, बारीक, बऱ्याच. पातळावर दिसतही नव्हत्या. फरशीवर पडल्या तेव्हा आवाज आला. मी त्या गोळा करून खिशात घातल्या आणि पातळ बाहेर नेऊन दिलं. कुणी काही पाहिलं नाही.

डब्यातला कागद मी तिसऱ्या दिवशी उघडला. या वेळी पाठीकडून. शब्दकोश लागला, पण पहिल्याएवढा नाही. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: हे औषध एकदम बंद करू नये, जिवाला धोका होऊ शकतो. त्या ओळीवर माझं बोट किती वेळ होतं ते मला सांगता येणार नाही. गोळी बंद केल्यामुळे जखम भरली, की ती तशीही भरणार होती, हेही मला कधी कळणार नाही.

दादांचं दुःख पत्रकातूनच बाहेर आलं. महिनाभराने त्यांनी दवाखान्याविरुद्ध पत्रक जुळवलं. 'गरिबाच्या पोटाला किंमत नाही काय?' त्यात त्यांनी लिहिलं होतं की बाईची जखम भरत आलेली असताना, औषधं वेळच्या वेळी घेत असताना, ती गेली. मग चूक कोणाची? त्यांनी आयुष्यात एकही खोटी ओळ छापलेली नव्हती. हीही त्यांच्या दृष्टीने खरीच होती. प्रुफं मी तपासली. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. गठ्ठा घेऊन बारामतीला गेलो आणि दवाखान्याच्या फाटकासमोर उभा राहून वाटला.

दुपारी सोपानराव बाहेर आले. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून तिथेच उभ्याने सगळा वाचला. मग हळू आवाजात विचारलं, "गोळ्या बंद केल्या व्हत्या का रं तिनं?"

मी हातातल्या गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिलो.

त्यांनी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवरून पिवळा डाग पडलेला अंगठा फिरवला आणि तो मला परत दिला. "तुमच्याकडची पाठ कोरी असती, हे बरं हाय," ते म्हणाले. "खरं काय असंल ते तितं लिव. आज न्हाय जमलं तर उद्या." आणि पट्टीची वेळ झाली म्हणून आत गेले.

सहा हंगाम झाले. त्यानंतर मी किती पत्रकं लिहिली. लोकांना सांगितलं की वाचा, प्रश्न विचारा, लपवू देऊ नका. सभेत टाळ्या पडतात तेव्हा माझ्या खिशात अजून त्या गोळ्या आहेत असं वाटतं. दादा आता निवृत्त आहेत. कारखान्याचा भोंगा झाला की तेही उठून परसात येतात, दोरीकडे बघतात आणि आत जातात. त्या डॉक्टरांचं नाव निघालं की अजून ते हातातला चहा खाली ठेवतात. सहा वर्षं एका निरपराध माणसाचा राग करत हा माणूस म्हातारा झाला आणि मी शेजारी बसून त्यांना चहा देत राहिलो.

सोपानरावांनी परत केलेला तो कागद मी टाकला नव्हता. परवा भोंगा वाजल्यावर परसातून आत आलो आणि तो काढला. त्याच्या पाठीवर लिहायला बसलो. आधी एवढंच लिहिलं की गोळ्या आईने थांबवल्या होत्या, डब्यातला कागद तिला मी वाचून दाखवला होता, आणि अर्धाच वाचला होता. बाकीचं त्यावर मावलं नाही, ते इथे लिहिलं आहे. पण तुमच्या आधी दादांनी वाचायला हवं.

म्हणून आज सकाळी तो कागद त्यांच्या चष्म्याखाली ठेवला आहे. छापलेली बाजू खाली.